वरच्या मजल्याचं गरम पाणी

आमच्या वरच्या बाथरूमात गरम पाणी येत नव्हतं असं कोणी म्हटलं तर ते खोटं आहे. येत होतं. नळ पूर्ण सोडला की आधी तो खोकायचा, मग थोडा विचार करायचा आणि मग सुतळीएवढी धार सोडायची. पाणी कडकडीत असायचं, त्याबद्दल तक्रार नाही. पण बादली भरेपर्यंत ते कोमट व्हायचं आणि वाट बघणारं माणूस गार. खालच्या बाथरूमात गच्चीतल्या त्याच सोलरचं पाणी धो धो यायचं. म्हणजे दोष सूर्याचा नव्हता. तो बिचारा रोज वेळेवर कामावर हजर होत होता.

एरवी मी चालवून घेतलं असतं. बाईमाणूस काय काय चालवून घेतं, त्यात एक नळ. पण वरची ती खोली आणि ते बाथरूम आम्ही गेल्या वर्षी बांधलंच मुळी आमच्या मेघालीसाठी. लग्न झालेली एकुलती एक मुलगी, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. खाली माझ्या सासूबाई, म्हणजे माई, आणि त्यांचा खोकला. शिवाय दाराला लागून नवापूर रोड आणि त्यावरून एमआयडीसीकडे जाणारे टँकर. बाळ-बाळंतिणीला वरचीच खोली हवी.

दोन महिन्यांपूर्वी डोहाळजेवणाला मेघालीच्या सासूबाई, रूपलताई, हात धुवायला वर गेल्या. हात तेलकट, म्हणून गरम पाण्याचा नळ सोडला. त्या खाली येईपर्यंत ओटी भरायला बसलेल्या बायकांचे पाय आखडले होते. रूपलताई पदराला हात पुसत म्हणाल्या, "विहीणबाई, वरती पाण्याला जरा जोर कमी आहे हो." त्या 'जरा'वर मी तीन दिवस झोपले नाही.

मिस्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "बघतो."

इथे आमच्या मिस्टरांबद्दल सांगायलाच हवं. प्रताप हे तारापूर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत एकोणतीस वर्षं बॉयलर अटेंडंट आहेत. परीक्षा देऊन मिळवलेलं सर्टिफिकेट आहे, ते हॉलमध्ये लग्नाच्या फोटोच्या वर लावलंय. सगळं बोईसर त्यांना बॉयलरवाले काका म्हणतं. हजारो लिटर उकळतं पाणी ज्या माणसाच्या एका इशाऱ्यावर वर चढतं आणि खाली उतरतं, त्याच्या स्वतःच्या घरात एक मजला पाणी चढत नाही, हे त्यांना मान्यच नव्हतं. आणि प्लंबर बोलवायचा म्हणजे तर कंपनीच्या गेटवर राजीनामा चिकटवल्यासारखं. म्हणून 'बघतो' हा शब्द आमच्या घरात दोन महिने राहिला, अगदी कुटुंबातला एक सदस्य असल्यासारखा.

मेघाली मात्र तारखेच्या नऊ दिवस आधीच मोकळी झाली. गुरुवारी पहाटे, पालघरला. मुलगी झाली. मी नात बघितली, रडले, डोळे पुसले आणि मान वर केली तर समोर रूपलताई.

"रविवारी घरी सोडणार म्हणतात," त्या म्हणाल्या. "झालं का पाणी?"

"होतंय," मी म्हटलं.

"होतंय म्हणजे?"

"म्हणजे आज-उद्यात."

"नाही, रोजचं न्हाणं असतं दोघींचं. तुमच्या त्या धारेखाली बसवलं तर बारशापर्यंत एक आंघोळ पुरी व्हायची."

"मी खालून बादल्या वाहीन की."

रूपलताईंनी माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. गुडघ्यांचा एवढा अपमान डॉक्टरनेही केला नव्हता. मग म्हणाल्या, "त्यापेक्षा सरळ आमच्याकडे नेते. चौथा मजला आहे, पण नळ उघडला की पाणी. तुमचं झालं की पाठवीन हिला."

पाठवीन. माझी मुलगी मला कुरिअरने येणार होती. आमचे जावई केदार शेजारीच उभे होते. स्वभावाने फार चांगले आहेत; अशा वेळी त्यांना नेमका फोन येतो.

म्हणजे माझ्याकडे रविवारपर्यंतचा वेळ होता.

गुरुवारी दुपारी घरी आले तर शेजारच्या हेतलबेन फाटकातच. बातमी त्यांना माझ्याआधी कळलेली होती. पेढा तोंडात टाकून त्यांनी निदानही केलं. "दीपाबेन, क्षार बसला असेल. आपल्या इथलं बोअरचं पाणी केवढं जाड. शॉवर न् नळाची जाळी काढून सफेद सिरक्यात बुडवून ठेवा, सकाळी बघा, एकदम नवं. माझ्या पियरला, माहेरी, असंच करतात."

सिरक्याची बाटलीही त्यांनीच दिली. मी जाळ्या काढल्या, स्टीलच्या डब्यात सिरका ओतला, त्यात बुडवल्या आणि डबा ओट्यावर ठेवून झाकला. सकाळी जाळ्या खरोखर लखलखीत झाल्या होत्या. त्या नळाला लावल्या. धार सुतळीएवढीच आली, पण अतिशय सुबक. आणि दुपारी आमटीचा पहिला घास घेऊन मिस्टर ज्या तऱ्हेने माझ्याकडे बघत राहिले, त्यावरून मला ओट्यावरच्या डब्याची आठवण झाली. माईंनी आंबट वासावरून चिंचेचं पाणी समजून डबा आमटीत रिकामा केला होता.

"मला काय म्हाइत," माई म्हणाल्या. "तुमी डब्यात नल शिजवता ते. मी सहा पोरं जन्माला घातली, घरात एक नल नाय होता."

मी आमटी ओतून दिली आणि दुसरी फोडणीला टाकली.

शुक्रवारी, त्या आमटीनंतर, मिस्टरांनी ठरवलं की दोष सोलर कंपनीचा आहे. दोष दुसऱ्या कंपनीचा निघाला की त्यांना फार बरं वाटतं. वॉरंटी कार्ड मिळालं, माझ्या शालूच्या घडीत. पण त्यावर डीलरचा शिक्का नव्हता, आणि डीलर दुकान बंद करून आता बिर्याणी विकतो. मी हेल्पलाइन लावली. एका मुलीने हिंदीत सांगितलं की मशीनचा नंबर वाचून दाखवा, तो टाकीच्या मागच्या बाजूला आहे. मिस्टर गच्चीत गेले, टाकी आणि कठडा यांच्यातल्या वीतभर फटीत शिरले, आणि आतून ओरडले की उन्हाने नंबर उडालाय, फक्त एक सात दिसतोय.

"मॅडम, पूरा नंबर चाहिए," मुलगी म्हणाली.

"तुमच्याच सूर्याने पुसलाय," मी म्हटलं. तिने तो नंबर असल्यासारखा लिहून घेतला की काय कोण जाणे, पण तक्रार नोंदली गेली. वीस मिनिटांनी मोबाइलवर निरोप आला, आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे, आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल? मिस्टर तेव्हा अजून त्या फटीतून बाहेर यायचे होते.

मी पुन्हा फोन केला. मग पुन्हा. शेवटी मी सांगून टाकलं की घरात चार दिवसांचं बाळ आहे. बाळ एक दिवसाचं होतं आणि घरात नव्हतं, पण त्यांच्या निवारणापेक्षा माझं बोलणं खरंच खरं होतं. संध्याकाळी दर्पण नावाचा एक तंत्रज्ञ आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्याने टाकीवर हात ठेवला, पटकन काढला आणि फुंकर मारली.

"गरम आहे ना पाणी?"

"आहे."

"मग आमचं काम बरोबर आहे. कंपनीची जबाबदारी टाकीपर्यंत. टाकीच्या खाली तुमचं घर सुरू होतं."

मला त्याचं वाक्य आवडलं, म्हणून चहा दिला. त्याने ओटीपी मागितला, मी दिला, आणि नंतर कळलं की तो ओटीपी म्हणजे 'ग्राहक पूर्ण समाधानी' अशी माझी सही होती. बोईसरमध्ये त्या दिवशी माझ्याइतकं समाधानी कोणी नव्हतं. मी जिन्यात बसून रडले.

रडत असताना मेघालीचा फोन आला. "आई, तू ताण घेऊ नको. आईंकडे राहीन मी पंधरा दिवस, मग येईन." आईंकडे. सासूला आईच म्हणते ती, मीच शिकवलंय. त्या घडीला वाटलं, काहीही शिकवू नये मुलांना.

शनिवारी सकाळी मिस्टरांनी आणखी एक सुट्टी काढली आणि कंपनीतून एक पंप उसना आणला. त्यांचं म्हणणं असं की पाइपात कचरा अडकलाय. बाथरूमच्या बाजूने उलटं पाणी जोराने सोडलं की कचरा मागे ढकलला जाऊन टाकीत पडेल. "बॉयलरची लाइन आम्ही अशीच साफ करतो," ते म्हणाले. मी म्हटलं, बॉयलरच्या खाली कोणाचं स्वयंपाकघर नसतं. पण ते मी मनात म्हटलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर बऱ्याच गोष्टी मनातच म्हटल्या जातात.

पंप सुरू झाला. मी खाली ओट्याशी डिंकाचे लाडू वळत होते. खारीक, खोबरं, शिरगावच्या माझ्या आत्याने पाठवलेला डिंक, सगळं तुपात तळून कुटून झालेलं. पंचावन्न लाडू परातीत मांडलेले. वरून पंपाचा आवाज वाढत गेला. मग मिस्टरांचा आवाज आला, "दाब चढतोय, चढतोय, आता सुटेल बघ." आणि सुटलं. फक्त वर नाही. माझ्या डोक्यावरच्या छतात आधी एक ओला गोल उमटला, त्याची वाटी झाली, परात झाली, आणि स्लॅबमधून पाणी सरळ लाडवांवर कोसळलं. पाण्याला तेव्हा जो जोर होता तो बघायला रूपलताई हव्या होत्या.

मी परातीकडे बघत राहिले. डिंकाचा लाडू पाण्यात फार शांतपणे विरघळतो. माई बाजूला पाटावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "दीपा, आता खीर म्हून खाऊया."

त्यानंतर मी आणि माईंनी मिळून ठरवलं की मिस्टरांच्या हाती पाना द्यायचा नाही. आणि मी चिंतूला फोन लावला.

चिंतू नवापूरचा. भावाच्या बोटीवर मासे धरायला जातो आणि किनाऱ्यावर असला की प्लंबिंग करतो. हात चांगला, पण वेळापत्रक समुद्राच्या हातात. नशिबाने सापडला. आला, आधी फुटलेला जॉइंट बघून त्याने तो बदलला, मग वर गेला, नळ सोडला, धारेकडे बघत उभा राहिला.

"वैनी, पानी हाय. जोर नाय."

"ते आम्हाला दोन महिन्यांपासून माहीत आहे."

"उलट पंप लावला तवा पानी मागं गेलाच नाय?"

"नाही. माझ्या लाडवांवर आलं."

"म्हंजी मधी काय तरी आडवा हाय," असं म्हणून तो गच्चीत गेला. टाकीपासून वरच्या बाथरूमपर्यंत जाणारी लाइन बाहेरच्या भिंतीत, प्लास्टरच्या आत आहे. चिंतू पाना घेऊन भिंतीवर टकटक करत कान लावत चालला, आजारी माणसाची छाती तपासावी तसा. एके ठिकाणी थांबला. पुन्हा वाजवलं. आवाज भरीव आला.

"सायेब, हितं काय हाय?"

मिस्टर इतका वेळ शेजारी उभं राहून त्याला सूचना देत होते. एकदम थांबले. मी त्यांच्याकडे बघितलं. माणसाचा चेहरा उतरतो म्हणतात, तो मजल्यामजल्याने उतरताना मी पहिल्यांदा पाहिला.

"व्हॉल्व्ह आहे," ते म्हणाले.

"कसला?"

"नॉन-रिटर्न. स्प्रिंगचा. पाणी पुढे जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. बॉयलरला असतो."

चिंतूने डोकं खाजवलं. "बॉयलरला असतो, बराबर. पन हितं कुनी बसवला?"

खालून माईंचा खोकला ऐकू आला.

मग मिस्टरांनी सांगितलं. खोली बांधली तेव्हा त्यांनी मुद्दाम चांगल्यातला चांगला, पितळी व्हॉल्व्ह आणून गवंड्याकडून बसवून घेतला होता. का, तर वरच्या नळाचं थंड पाणी चुकून गरम लाइनमध्ये मागे शिरू नये, मेघालीला आणि बाळाला सतत सारख्या उष्णतेचं पाणी मिळावं. कंपनीत पंपाचा दाब असतो, तिथे ती स्प्रिंग सहज उघडते. आमच्या गच्चीतली टाकी वरच्या नळाहून जेमतेम पाच फूट उंच. तेवढ्या दाबात स्प्रिंग उघडते किलकिली, आणि त्या फटीतून सुतळी येते. खालच्या नळाच्या लाइनला व्हॉल्व्ह नव्हता, म्हणून तिथे धो धो. लेकीच्या काळजीने त्यांनी लेकीचंच पाणी अडवून ठेवलं होतं, आणि नंतर विसरूनही गेले होते.

"काढून टाक," मी चिंतूला म्हटलं.

"काढतो ना. पन भिंत फोडाया कटर लागंल, तो भावाच्या घरी. आन दुपारी बोट निघते, उधानाचे दिस हायत. बुधवारी येतो."

"उद्या मुलगी घरी यायची आहे रे."

"वैनी, भरती काय माझ्या बापाची नाय."

तो गेला. मिस्टर गच्चीत त्या भिंतीपाशी बसून राहिले. मला खूप काही बोलायचं होतं; दोन महिन्यांचं साचलेलं होतं. पण एकोणतीस वर्षं चूक न केलेला माणूस असा भिंतीला टेकून बसलेला बघितला आणि मी चहा करायला खाली गेले. चहा आणून दिला. ते म्हणाले, "लोकांना कंपनीचा फॉल्ट होता म्हणून सांगू." मी म्हटलं, "सांगू."

रविवारी अकरा वाजता आम्ही पालघरला पोचलो. वाटेत कोळगावची ती मोठमोठी सरकारी ऑफिसं लागली, रविवारची बंद. मला वाटलं, असं एखादं ऑफिस असायला हवं होतं की जिथे अर्ज केला तर मुलगी माहेरी आणायची मुदत चार दिवस वाढवून मिळते. हॉस्पिटलच्या दारात केदाररावांची गाडी आधीच उभी होती. मेघाली बाळाला घेऊन खुर्चीत बसली होती, कानाला रुमाल बांधून. ती माझ्याकडे बघेना. रूपलताई पिशव्या मोजत होत्या.

"काय, आलं का पाणी?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही माहीत नाही, पण खोटं असणार हे नक्की. तेवढ्यात मिस्टर पुढे झाले.

"नाही आलं," ते म्हणाले. "बुधवारपर्यंत येणार नाही. चूक माझी आहे, ताई. मीच चुकीचा व्हॉल्व्ह बसवला. बॉयलरचा. मला वाटलं, पोरीला सोयीचं पडेल." एवढं बोलून त्यांनी नर्सकडे, वॉर्डातल्या मावशीकडे, औषधं घ्यायला थांबलेल्या दोन अनोळखी माणसांकडे असं आळीपाळीने बघितलं, जणू सगळ्यांचीच माफी मागायची होती. "तुमच्याकडे नळाला पाणी आहे. तुमच्याकडे न्या तिला."

मेघाली रडायला लागली. "बाबा, मला पाण्याचं काही नाहीये हो. मला माझ्या खोलीत झोपायचंय."

आता रूपलताई काय म्हणतात म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं. तर त्या पिशवीचे बंद सोडत होत्या, पुन्हा बांधत होत्या. मग खाली बघूनच म्हणाल्या, "पाण्याचं मला तरी कुठे काय आहे. तुमच्याकडे गेली की सव्वा महिना नात बघायला मिळायची नाही. रोज उठून व्याह्यांच्या दारात कसं यायचं? काय कारण सांगायचं? म्हणून म्हटलं, पाणी."

त्या बाईला मी दोन महिने मनातल्या मनात काय काय नावं ठेवली होती, ती सगळी मी तिथल्या तिथे परत घेतली.

"मग चला की," मी म्हटलं. "बुधवारपर्यंत पाणी नाहीच आहे. माझे गुडघे तुम्ही बघितलेत. बादल्या वाहायला माणूस लागेलच."

विहिणीच्या घरी जाऊन राहायची रीत नाही आमच्यात. लोक काय म्हणतील हे त्यांनी दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा विचारताना त्या आमच्याच गाडीकडे चालत होत्या.

सोमवारपासून आमच्या घरी जे सुरू झालं त्याला मी बाळंतपण म्हणणार नाही, तो कारखाना होता. मिस्टर पहाटे खाली पाणी काढायचे, रूपलताई आणि मी जिन्याच्या एकेका वळणावर उभ्या, बादली हातोहात वर. रूपलताईंना माझा डिंक आवडला नाही, त्यांनी नवे लाडू केले, ते माझ्यापेक्षा चांगले झाले. हे मी सहन केलं. त्या बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायच्या आणि मेघालीशी काहीतरी कुजबुजत हसायच्या. मग मलाही बोलावून सांगायच्या, आणि ते केदाररावांच्या लहानपणाचं काहीतरी असायचं, ऐकण्यासारखं. माईंनी त्यांना मंगळवारीच विचारलं, "तुमी जानार तर नाय ना लगेच?" हे वाक्य माईंनी मला अठ्ठावीस वर्षांत एकदाही विचारलेलं नाही.

"पाणी आलं की जाईन," रूपलताई म्हणाल्या. "किती दिवस राहायचं असं."

बुधवारी सकाळी नऊ वाजता फाटक वाजलं. चिंतू, खांद्यावर कटर, अंगाला समुद्राचा वास. मिस्टर घाईघाईने बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावर चार दिवसांनी पहिल्यांदा रंग दिसत होता.

"चला सायेब, काढून टाकू तुमचा बॉयलर," चिंतू म्हणाला.

वरून बाळाच्या रडण्याचा आवाज आला, मग पाण्याचा, मग रूपलताई काहीतरी गुणगुणायला लागल्या आणि रडणं हळूहळू थांबलं. मेघाली म्हणाली, "आई, अजून थोडं पाठीवर." ती कोणत्या आईला म्हणाली ते मला खालून कळलं नाही, आणि त्याचं काही वाटलंही नाही.

मी फाटकाशी गेले. "चिंतू," मी म्हटलं, "आज नको. बारसं होऊ दे, मग ये."

"पुन्ना उधान येल, वैनी. मंग पंधरा दिस मिलनार नाय मी."

"चालेल."

त्याने मिस्टरांकडे बघितलं. मिस्टरांनी माझ्याकडे बघितलं, वर खिडकीकडे बघितलं. मग आत गेले आणि दुसरी बादली भरायला लावली.